माणिकराव लांजेवारांचा आगीवरचा फ्रिज

भिलाईहून नागपूरला रेल्वेने जायला चार-साडेचार तास लागतात. माणिकराव लांजेवारांना साडेसात महिने लागले, आणि त्यातले सात एका फ्रिजने खाल्ले.

नागपूरला त्यांची लेक उन्नती राहते. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून माणिकरावांची बायको रत्नमाला सव्वा महिन्याच्या बोलीवर तिकडे गेली. सव्वा महिन्याचे तीन झाले, कारण नातवाचं, मोनूचं, पोट दुखायचं. तिनाचे सहा झाले, कारण उन्नतीची सुट्टी संपली. त्यानंतर कारणं द्यायची पद्धतच बंद पडली. भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये माणिकराव एकटे राहिले, त्यांच्यासोबत एक टीव्ही आणि कुंडीतली तुळस.

आता कोणी म्हणेल, मग जाऊन राहायचं ना चार महिने लेकीकडे. इथेच तर मेख आहे. लांजेवारांच्या घराण्यात लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. माणिकरावांचे वडील एकदा भर वैशाखात नऊ कोस चालत लाखनीजवळ लेकीच्या गावी गेले. गावाबाहेर चिंचेखाली बसून त्यांनी फडक्यातली भाकर खाल्ली, नदीचं पाणी प्यायलं, लेकीच्या दारात उभं राहून ‘बरी हायेस न बाई’ असं विचारलं आणि उलट पावली परतले. ही गोष्ट साकोलीकडच्या त्यांच्या गावात अजून कौतुकाने सांगतात. त्या दिवशी माणिकरावांच्या बहिणीला काय वाटलं ते गोष्टीत येत नाही, कारण तिला कोणी विचारलेलं नाही.

शेजारच्या क्वार्टरमधल्या दौलतरावांना मात्र ही अडचण अडचणच वाटत नव्हती. दौलतराव रेल मिलमधून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक विषयात सल्ला सुचतो आणि सुचलेला पोटात राहत नाही.

“अजी माणिकभाऊ, लेकीले लेकरू झालं का मंग जेवाले हरकत नसते. सगळीकडं अशीच रीत हाय.”

“तुमच्याकडं असंल. माझ्या बहिणीले सहा लेकरं झाली तरी आमच्या बाबानं तिच्या घरचं पाणी नाई पेलं.”

“मंग तुमी काय करून राहिले?”

माणिकराव जे करत होते ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या सहा महिन्यांत ते तीनदा नागपूरला जाऊन आले होते. सकाळची गाडी धरायची, सोबत स्वतःचा डबा आणि स्वतःची पाण्याची बाटली. डबा स्टेशनच्या बाकावर बसून संपवायचा, मग लेकीकडे दोन तास सोफ्याच्या कडेवर बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या दोन तासांत रत्नमाला कधी मोनूचं दुपटं धूत असे, कधी त्याला झोपवत असे. उन्नतीला वाटायचं, बाबांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय. माणिकरावांनी तिचा गैरसमज दूर केला नाही. रीत सांगून पाळली की तिचा मान राहत नाही, असं त्यांचं मत होतं. लॉजवर उतरावं तर लेकीच्या गावात लॉजवर उतरलेला बाप म्हणजे लेकीची अब्रू चव्हाट्यावर.

खरी गोष्ट एवढीच होती की माणिकरावांना एकट्याने जेवायचा कंटाळा आला होता. पोळ्या त्यांना येत होत्या, वरणही जमलं होतं. पण चार पोळ्या लाटाव्यात आणि दोन खाऊन उठावं, असं रोज व्हायला लागलं. चौतीस वर्षं ते प्लांटमधून शिफ्ट संपवून कोणत्याही वेळी घरी आले तरी रत्नमाला समोर बसायची. बोलायची असं नाही, पुष्कळदा ती तांदूळ निवडत असे. पण बसायची. बायको समोर बसलेली पाहिजे, हे कारण साठीच्या माणसाने चारचौघांत सांगायचं कसं? त्यापेक्षा गाडी घ्यायची आहे हे सांगणं सोपं होतं.

तर त्यांनी गाडी घेतली. एका शाळेची पोरं वाहून दमलेली जुनी व्हॅन होती. विचार असा की गाडीतच घर करायचं, गाडी लेकीच्या दाराशी उभी करायची, म्हणजे लेकीच्या गावातही माणूस आपल्याच घरात राहतो आणि आपलंच खातो. हा विचार सुचला त्या दिवशी माणिकरावांनी चारही पोळ्या खाल्ल्या. सुपेल्याच्या चिंधू मिस्त्रीने बाकं उपटून काढली, प्लायवुडचा पलंग बसवला, एक ओटा केला, पाण्याचा कॅन अडकवायला कडी लावली. त्याने बाहेरचा ‘स्कूल व्हॅन’ हा शब्दही खरवडून काढला, पण तो अर्धाच निघाला.

राहिला फ्रिज. नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रिजशिवाय दूध दुपारपर्यंत टिकत नाही. आणि साधा फ्रिज म्हटला की प्लग आला, प्लग म्हटला की जावयाचं मीटर आलं. जावयाच्या मीटरवर थंड झालेलं पाणी हे जावयाच्या घरचं पाणी की आपलं, हा प्रश्न संध्याकाळच्या बाकावर तीन दिवस चालला. दौलतरावांचं म्हणणं, थंडी जावयाची पण पाणी आपलं. कोपऱ्यावरच्या एका जुन्या क्रेन ऑपरेटरचं म्हणणं, ते मिसळलं की वेगळं काढता येत नाही. तिसऱ्या दिवशी बहुमताने ते जावयाचंच ठरलं.

आणि मग हथखोजच्या एका भंगारवाल्याकडे माणिकरावांना तो दिसला. कोणा परदेशी जोडप्याची घरासारखी मोठी गाडी हायवेवर कायमची बंद पडली होती, तिच्या पोटातून निघालेला कमरेइतका फ्रिज. भंगारवाला त्यात नटबोल्ट ठेवत होता. पाठीमागे नळ्यांचं जाळं, खाली बर्नर, आणि बर्नरची ज्योत बघायला करंगळीएवढी काच. हा फ्रिज विजेवर चालतो, गाडीच्या बॅटरीवर चालतो, आणि कशावरच नाही तर गॅसवर चालतो, असं भंगारवाल्याने सांगितलं. माणिकराव गुडघे टेकून त्या काचेतून आत बघत राहिले. प्लांटमधल्या कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजून कोक करायच्या, भट्ट्या त्यांनी आयुष्यभर अशाच काचेतून बघितल्या होत्या.

कोक ओव्हनच्या माणसाचं आगीशी काय नातं असतं हे बाहेरच्याला कळत नाही. तिथली भट्टी एकदा पेटवली की विझवत नाहीत. ती थंड झाली तर आतल्या विटा तडकतात आणि सगळं गेलं. म्हणून दिवाळी असो, संप असो, ज्योत चालू राहते, आणि जाणारी शिफ्ट येणाऱ्या शिफ्टला ती चालू हातात देते. माणिकरावांनी चौतीस वर्षांत एकदाही विझलेली आग कोणाच्या हाती दिली नव्हती. त्यांच्यासमोर ही नखाएवढी ज्योत म्हणजे काय?

ती नखाएवढी ज्योत पहिल्या दिवशी अकरा वेळा विझली.

व्हरांड्यात फ्रिज मांडून, घरचा सिलिंडर जोडून, माणिकराव पोटावर झोपले होते. बटण वीस सेकंद दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने ठिणगी पाडायची आणि तिसऱ्या हाताने काचेवरची धूळ पुसायची, अशी त्याची रचना होती. बाराव्या वेळी ज्योत टिकली. निळी, सरळ, सुंदर. बघायला दौलतराव, त्यांच्या पत्नी मैनाबाई आणि क्रेन ऑपरेटर आले होते.

“आग लावून थंड होते म्हणता?” दौलतराव म्हणाले.

“विज्ञान हाय ते.”

“मंग मे महिन्यात आमी चुलीपाशीच बसत जाऊ.”

 याचं उत्तर फ्रिज देईल असं माणिकरावांना वाटत होतं. फ्रिजने तीन दिवस उत्तर दिलं नाही. ज्योत जळत होती, मागच्या नळ्या तापत होत्या, आणि आत ठेवलेलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित कोमट होत होतं. मैनाबाईंनी पातेलंभर दूध आणून दिलं आणि सांगितलं, “भाऊजी, विरजण लावाले चांगला हाय हा. दही लवकर लागते.” त्यांना मदतच करायची होती, त्यामुळे राग कोणावर काढायचा हे माणिकरावांना ठरवता आलं नाही.

मग सल्ले आले. चिंधू मिस्त्री म्हणाला, इसमें गैस भरवा लो. माणिकरावांनी सांगितलं की गॅसवरच तर चालतोय. तो म्हणाला, वो वाली नहीं, दूसरी वाली. क्रेन ऑपरेटर म्हणाला, चार दिवस चालू ठेवा, नवीन माणूस रुळायला वेळ लागतो. माहितीपत्रक जर्मन भाषेत होतं. त्याच्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला की मराठी अक्षरं थरथरत उमटायची, आणि त्यांतून एवढं समजलं की हा फ्रिज अगदी सपाट जागी उभा असला तरच थंड होतो, आणि गाडी चालताना ज्योत विझवून तो बॅटरीवर न्यावा. शेवटी सेक्टर सहामधल्या एका म्हाताऱ्या एसी फिटरने फोनवर खरं औषध सांगितलं. असला फ्रिज बरीच वर्षं बंद राहिला की त्याच्या नळ्यांतला रस साकळतो. त्याला एक दिवस एक रात्र उलटा उभा करायचा.

तर लांजेवारांच्या व्हरांड्यात फ्रिज डोक्यावर उभा राहिला. सकाळी फिरायला जाणारे लोक थांबून बघत. काहींनी विचारलं, काहींनी न विचारता मान हलवली. वहिनींना जाऊन किती दिवस झाले हो, असं एकाने दौलतरावांना हळूच विचारलेलं माणिकरावांनी खिडकीतून ऐकलं. त्यांचा फार अपमान झाला. फ्रिजबद्दल काय बोलायचं ते बोलावं, पण हे काय.

तिसऱ्या दिवशी, सरळ उभा करून, चारी पायांखाली पत्र्याच्या चकत्या घालून, पाण्याने भरलेली वाटी वर ठेवून तिच्यात पाणी कुठे झुकतं ते बघत बघत सपाट केलेल्या त्या फ्रिजने बर्फ दिला. वाटीएवढा, पांढरा, मधे जरा फुगलेला. माणिकरावांनी त्याचा फोटो काढून रत्नमालाला पाठवला. तासाभराने तिचा फोन आला.

“अवो, ते काय पाठवलं?”

“बरफ.”

“बरफ कावून पाठवला?”

“आगीवर झालेला हाय.”

पलीकडे मोनू रडत होता. “बरं,” ती म्हणाली, “दूध उतू जाऊन राहिलं, मंग बोलते.” मग ती बोलली नाही. माणिकरावांनी बर्फ पाण्यात टाकून पाणी प्यायलं. दात दुखले, पण पाणी थंड होतं.

गाडीसाठी लहान सिलिंडर हवा होता. एका गॅस एजन्सीत गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “कनेक्शन किसके नाम पे है?”

“मिसेस के नाम पे.”

“तो उनको भेज दीजिए, अंगूठा लगेगा.”

“वो नागपुर में हैं.”

“कब आएँगी?”

हा प्रश्न सात-आठ महिन्यांत माणिकरावांना कोणी सरळ विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता. ते काउंटरवर हात ठेवून उभे राहिले. मागे रांग होती. त्या माणसाने वर बघितलं आणि काय त्याच्या मनात आलं कोणास ठाऊक, आवाज खाली आणून तो म्हणाला, “अंकल, पाँच किलोवाला बिना कनेक्शन भी मिलता है. आधार दिखा दीजिए बस.” माणिकरावांनी सिलिंडर घेतला. बाहेर येऊन ते सिलिंडर बसवायला चिंधूकडे गेले.

पुढचे काही महिने सपाट जमिनीच्या शोधात गेले. भिलाईला डोंगर नाही, घाट नाही, माणूस जन्मभर राहून तिला सपाट समजतो. पण वाटीभर पाणी घेऊन फिरलं की कळतं. सुपेल्याचा रस्ता नाल्याकडे कलतो. सिव्हिक सेंटरच्या पार्किंगला मधे पाठीसारखा उंचवटा आहे. बाजाराच्या मैदानात उत्तरेला दोन बोटं उतार आहे. माणिकराव गाडी उभी करत, वाटी बघत, चाकाखाली वीट सारत, परत वाटी बघत. लोक विचारत, पंक्चर झालं का. ते नाही म्हणत. अखेर जी एक जागा पुरी सपाट निघाली ती त्यांच्याच क्वार्टरसमोरची. तिथे फ्रिज असा चालायचा की कोथिंबीर कडक व्हायची. त्या जागी उभं राहायला गाडी घेतलेली नव्हती, हे दौलतरावांनी बोलून दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहाला, माणिकराव निघाले. फ्रिजमध्ये दोन लिटर दूध, दही, मळलेली कणीक, उकडलेले बटाटे, लसणाची चटणी. कॅनमध्ये भिलाईचं पाणी. रत्नमालाला त्यांनी कळवलं नव्हतं. दाराशी गाडी उभी करून एकदम फोन करायचा, असा बेत होता. मैनाबाई फाटकापर्यंत आल्या. “भाऊजी, ताईले म्हणा तुळशीले रोज पाणी घालून राहिली मी,” त्या म्हणाल्या, खरं तर घालत माणिकराव होते, पण आता त्या घालणार होत्या.

नियम माणिकरावांनी कधी मोडला नव्हता. गाडी चालू, फ्रिज बॅटरीवर. गाडी थांबली, फ्रिज गॅसवर. राजनांदगावला चहा प्यायला थांबले. चहाला पाच मिनिटं लागली, ज्योत पेटवायला वीस. पोटावर झोपलेला म्हातारा बघून टपरीवाल्याने कांदा फोडून आणला. चक्कर नाही, फ्रिज आहे, हे समजावून सांगण्यात आणखी दहा मिनिटं गेली, तोवर एक ट्रक बाजूने गेला आणि ज्योत विझली. मग ते पुढे निघाले.

महाराष्ट्राच्या हद्दीवर एका साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडी थांबली म्हणजे नियमाप्रमाणे गॅस. साहेब चालत मागच्या दारापर्यंत येईपर्यंत माणिकराव पोटावर झोपलेले होते.

“काय करून राहिले तुमी?”

“ज्योत लावून राहिलो.”

“कशाची?”

“फ्रिजची. थंड होण्यासाठी.”

साहेबांनी सिलिंडरकडे बघितलं, ज्योतीकडे बघितलं, अर्धवट खरवडलेल्या ‘स्कूल’ या शब्दाकडे बघितलं. “विझवा,” ते म्हणाले.

“विझवली तर गरम होईल.”

यावर सरकारी उत्तर साहेबांना सापडलं नसावं. त्यांनी कागद बघितले, सगळे बरोबर होते. मग त्यांनी विचारलं, “काका, एकटेच निघाले का?”

“हो.”

“घरी माहीत हाय न?”

माणिकराव हो म्हणाले. गाडी चालू केल्यावर त्यांना वाटलं, घरी म्हणजे कोणाला? घराला कुलूप होतं.

देवरीच्या पुढच्या जंगलात रस्ता चढउताराचा, तिथे थांबून काही उपयोग झाला नाही, वाटीतलं पाणी सांडलं. साकोलीला मात्र त्यांनी थांबून बटाट्याची भाजी आणि पोळी करून खाल्ली. एकट्यानेच, पण प्रवासात एकट्याने खाल्लं तर तितकं लागत नाही. पोट भरलं, वारा आला, आणि नियमाच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. फ्रिज बॅटरीवरच राहिला आणि माणिकरावांचा डोळा लागला. दोन तासांनी उठून किल्ली फिरवली तर गाडी कुईं एवढंच म्हणाली. त्यांच्याच मुलखातल्या सात-आठ लोकांनी गाडी ढकलली. ढकलताना एक जण विचारत होता की कोणत्या गावचे, कोणाचे, आणि माणिकरावांनी बापाचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, अरे, लेकीच्या घरचं पाणी न पिणारे ते. माणिकरावांची छाती भरून आली. गाडी चालू झाली. दूध तोवर नासलं होतं.

साडेचारला ते नागपुरात उन्नतीच्या सोसायटीच्या फाटकाशी पोचले. वॉचमनने आत डोकावून सांगितलं, सिलिंडरची गाडी आत नाही जमणार, सेक्रेटरींचा नियम आहे. नियम ऐकून माणिकराव वाद घालू शकत नाहीत. त्यांनी गाडी बाहेर रस्त्यावर, नाल्याच्या कडेला लावली. वाटीतलं पाणी एका बाजूला पार काठाला टेकलं. त्यांनी दोन विटा सारल्या, तिसरी शोधून आणली. मग पोटावर झोपले. ज्योत पहिल्याच ठिणगीला लागली. निळी, सरळ. पण गाडी कलती होती. आग जळत राहिली आणि आत काहीच थंड झालं नाही.

तेव्हा त्यांनी फोन केला. रत्नमाला खाली आली. ओल्या हातांनीच आली होती, पदराला पुसत. ती बारीक झाली होती. चौदा महिन्यांत तीन वेळा बघूनही हे माणिकरावांना दिसलं नव्हतं, कारण ती कधी उभी राहिलेली दिसलीच नव्हती.

“हे काय हो?”

त्यांनी सगळं दाखवलं. पलंग, ओटा, कॅन, आपलं पाणी, आपला गॅस. लेकीवर कशाचा भार नाही. जावईबापूंचं मीटर नाही. आता महिनाभर इथंच राहू शकतो मी, ते म्हणाले, तू खाली येत जा, दोघं मिळून जेवत जाऊ. त्यांनी मोठ्या उत्साहाने फ्रिजचं दार उघडलं आणि नासलेल्या दुधाचा वास आला.

रत्नमाला पलंगाच्या कडेवर बसली.  मग म्हणाली, “मी चौदा महिने कोणाचं जेवून राहिली?”

माणिकरावांनी फ्रिजचं दार लावलं.

“तुमची रीत मले ठाऊक हाय. तुमी सोफ्यावर रिकामा डबा मांडीवर घेऊन बसता, उन्नतीले वाटते पथ्य. मी नाई सांगितलं तिले. पण मी बी तिची मायच हाय न. माझ्या जेवणाचं तुमाले कधी काई वाटलं नाई?”

तिने आवाज चढवला नव्हता. माणिकरावांनी मनातल्या मनात सगळं घराणं उलटंपालटं करून बघितलं. बाबा होते, आजोबा होते, नऊ कोस होते. बायांनी काय करावं याबद्दल त्यात कुठेच काही नव्हतं. त्या बाळंतपणाला जात, जेवत, राबत, परत येत. रीत फक्त पुरुषांची होती. हे त्यांना साठाव्या वर्षी, नासलेल्या दुधाच्या वासात समजलं, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

“मले सुचलंच नाई,” ते म्हणाले.

“मले बी तिथं करमत नाई,” ती म्हणाली. “हे दोघं आपापल्या वेळेनं खातात. एक लॅपटॉपपाशी, एक मोबाइलपाशी. मी कोणासोबत जेवू?” वरून मोनूच्या रडण्याचा आवाज आला. ती उठली. “या वर. नाई तर नका येऊ. मी काई म्हणत नाई.” आणि ती गेली.

माणिकराव गाडीत बसून राहिले. ऊन उतरलं. मग त्यांनी उठून बर्नरचा खटका बंद केला. पुन्हा पेटवायची नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने विझवलेली ही आयुष्यातली पहिली आग होती.

जिना चढताना त्यांचे पाय जड झाले होते. चार पिढ्यांचं व्रत मोडायला निघालेल्या माणसाचे पाय जड असायलाच हवेत. दार उघडंच होतं. उन्नती कानाला मशीन लावून लॅपटॉपसमोर होती. तिने हात हलवला, माईक तळव्याने झाकला आणि कुजबुजली, “बाबा, आलात? किती छान! कॉलवर आहे मी, दोन मिनिटं. किचनमध्ये सगळं ठेवलंय, घेऊन घ्याल न प्लीज?” जावई भूपेंद्र आतून डोकावले, नमस्कार केला, फोन कानाला लावला आणि परत आत गेले.

माणिकरावांनी फिल्टरखाली पेला धरला. पाणी भरलं. पेला तोंडाला लावण्याआधी त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. कोणी बघत नव्हतं. ते प्यायले. उन्नती कोणाला तरी सांगत होती की फाइल सोमवारपर्यंत पाठवते. पंखा होता त्याच वेगाने फिरत होता. त्यांना वाटलं होतं काहीतरी होईल, निदान कोणी तरी म्हणेल की अहो, हे काय केलंत. ज्या रीतीसाठी गाडी घेतली, फ्रिज डोक्यावर उभा केला, सगळ्या भिलाईचा उतार मोजला, ती मोडलेली कोणाला कळलीसुद्धा नाही. पाळलेलीही कळली नव्हती, हे त्यांना मागाहून आठवलं.

त्यांनी डब्यातून दोन पोळ्या घेतल्या, वांग्याची भाजी घेतली, वरण वाढून घेतलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. सहा खुर्च्या होत्या, पाच रिकाम्या. पहिला घास चांगला होता, रत्नमालाच्या हातचा होता. दुसऱ्या पोळीला हात लावावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

आतल्या खोलीचं दार हळूच लागलं. मोनूला निजवून रत्नमाला बाहेर आली. तिने त्यांचं ताट बघितलं, पाण्याचा पेला बघितला.

“तू जेवली का?” त्यांनी विचारलं.

“जेवली मी मघाशीच, उभ्यानंच,” ती म्हणाली, आणि मांडणीवरचं एक ताट काढून त्यांच्यासमोर येऊन बसली.